वृंदेची वही : वाडीच्या दशावताराच्या नोंदी

9 सप्टेंबर 2024, सोमवार (गाव)

गणपतीचा तिसरा दिवस. रात्री भजन आटपलं, काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा झाला आणि पडवीत बसल्या बसल्या विषय निघाला की 25 जानेवारीला वाडीच्या सत्यनारायणाच्या पूजेला रात्री काय ठेवायचं. दरवर्षी एखादी दशावताराची कंपनी बोलावतो, नाहीतर ऑर्केस्ट्रा. यंदा पोरं म्हणाली आपणच नाटक करू, हौशी तर हौशी पण आपल्या वाडीचं. आबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांनी तीस वर्षं कंपनीबरोबर काढलीयत, सामानाचा पेटारा डोक्यावर घेऊन चालत पुढचं गाव गाठायचे ते दिवस त्यांनी स्वतः पाहिलेत. ते एवढंच म्हणाले, "करतास तर करा, पण करूचा तर नीट करा." झालं, ठरलं.

आख्यान वृंदा-जालंधर. जालंधर राक्षस, त्याची बायको वृंदा, तिच्या पातिव्रत्यामुळे त्याला कोणी मारू शकत नाही, मग विष्णू जालंधराचं रूप घेऊन तिच्याकडे येतो, तिला फसवतो, तिकडे जालंधर मरतो आणि ती विष्णूला शाप देते की तू दगड होशील. त्याचा शाळिग्राम होतो, तिची तुळस होते. प्रत्येकाच्या अंगणात या गोष्टीला रोज पाणी घातलं जातं, त्यामुळे कथा समजावून सांगायची गरज नाही.

मी जालंधर मागितला होता. आबांनी मला उभं केलं, चार पावलं चालायला लावलं आणि म्हणाले, "तू वृंदा." मी म्हटलं आबा माझा आवाज बघा. तर म्हणाले, "बारीक नाय, पण मऊ आसा. फुरो." फुरो म्हणजे पुरे.

पाच जण गावात, चार जण मुंबईत, म्हणून ही वही. कोण कुठपर्यंत आलंय ते सगळ्यांना कळायला हवं. मी अकाउंट्सवाला, लिहून ठेवायची सवय आहेच.

22 सप्टेंबर, रविवार (भांडुप)

पहिली तालीम, मंडळाच्या खोलीत. चौघंच. मी या दोन आठवड्यांत वृंदेचे सगळे प्रवेश लिहून काढले होते, 14 पानं, लोकलमध्ये पाठही केलेले, आणि खरंच चांगले लिहिले होते असं मला अजून वाटतं. आबा व्हिडिओ कॉलवर. मी पहिलं स्वगत घडाघडा म्हणून दाखवलं. आबा गप्प. मग म्हणाले, "ह्या खयसून आणलंस?" मी म्हटलं लिहिलं. म्हणाले, "पाठ केलेलो माणूस समोरच्याचा ऐकना नाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे आमच्याच मुंबईत वाढलेल्या पोरांसाठी लिहितो. दशावतारात आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. कंपनीतले लोक रंगायला, म्हणजे तोंडाला रंग लावायला, बसतात तेव्हा मुख्य माणूस सांगतो आज अमुक कथा, तू अमुक, तू तमुक, तू इथे येणार, हा इथे मरणार. बस्स. संवाद रंगमंचावर त्या त्या वेळी उभे राहतात. एकाने प्रश्न टाकला की दुसऱ्याने पेलायचा, पुराणातला दाखला द्यायचा, तो पहिल्याने खोडायचा, आणि हरदास, म्हणजे गाणारा, पायपेटीवर बसून योग्य वेळी पद उचलतो तेव्हा नटाला श्वास मिळतो. कुठे अडलं तर विंगेतून सांगायला कोणी नाही, कारण सांगणार काय, कागदच नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. परळच्या दामोदरला वडिलांच्या मांडीवर बसून कितीतरी नाटकं पाहिलीयत, आता ते नाट्यगृह बंद झालं. पण बघताना माहीत असणं आणि स्वतः उभं राहिल्यावर तोंडात शब्दच नसणं, यात फार अंतर आहे हे आज कळलं. कागद ठेवून उभा राहिलो आणि अर्धा मिनिट नुसता उभाच.

6 ऑक्टोबर, रविवार (भांडुप)

आज फक्त लुगडं. काकीने नेसवलं, नऊवारी. मी आरशात बघत होतो तर म्हणाली आरसो बघू नको, चल. खोलीत दहा फेऱ्या मारल्या. मी पदर सारखा हाताने धरत होतो. काकी म्हणाली, "धरू नको रे, तो आपसूक रवता." आणि खरंच राहतो. खांदा थोडा आत घेतला आणि कोपर अंगाला लागून ठेवलं की पदर हलत नाही. मग बसायला शिकवलं. बाई खाली बसताना आधी हात जमिनीकडे जातो, नजर नाही, नजर समोर असते कारण घरात चार माणसं असतात, चुलीवर काहीतरी असतं. पुरुष आधी जागा बघतो मग बसतो. हे मी आयुष्यभर आईला बघून कधी टिपलं नव्हतं.

काकी पासष्ट वर्षांची आहे. दोन तास माझ्यामागे फिरत होती, एकदाही हसली नाही. जाताना म्हणाली, "वृंदा गरीब बाय नाय हां. राणी आसा ती. रडकी करू नको."

20 ऑक्टोबर, रविवार

तालीम झाली नाही. दोघांना ड्युटी, एकाचं मूल आजारी. मी आणि आमचा जालंधर दोघंच अर्धा तास बोलत बसलो. आता खर्चाचा अंदाज: मंडप आणि लाइट पूजेच्या खर्चातच आहेत, ड्रेपरीचं, म्हणजे वेशांचं, भाडं सहा हजार मागतायत, पेटी-पखवाज-झांज गावातलीच माणसं, ती घरची.

5 नोव्हेंबर, मंगळवार

आज मराठी रंगभूमी दिन. ऑफिसच्या ग्रुपवर शुभेच्छांचे फोटो आले. 1843 साली याच तारखेला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी राजाश्रयाखाली 'सीता स्वयंवर' केलं, ते आपण मराठी नाटकाची सुरुवात धरतो. आज पुन्हा त्याबद्दल वाचलं आणि एक गोष्ट डोक्यात राहिली की भाव्यांच्या त्या खेळांतही पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापले संवाद तिथल्या तिथे बोलायची. म्हणजे आबा जे आम्हाला शिकवतायत ती काही खेडवळ अडचण नाहीये, ती मराठी नाटकाची पहिली रीत आहे. आमच्यातल्या एकाने मागच्या महिन्यात म्हटलं होतं की लिहून घेऊया म्हणजे जरा प्रोफेशनल वाटेल. त्याला हे आवर्जून पाठवलं.

17 नोव्हेंबर, रविवार (गाव)

काल रात्री जत्रा पाहिली, आत्ता दुपारी उठून लिहितोय. परवा त्रिपुरारी पौर्णिमा झाली. काल सोनुर्लीची लोटांगणाची जत्रा, अर्धी वाडी तिकडे गेली. मी आबांबरोबर शेजारच्या गावातल्या छोट्या जत्रेला गेलो, मुद्दाम, कारण आबा म्हणाले तिथे बसायला जागा मिळेल. शुक्रवारी रात्री तुतारी एक्स्प्रेस पकडून शनिवारी सकाळी कुडाळला उतरलो, दिवसभर झोपलो.

रात्री बाराच्या आसपास पालखी फिरली, मग एकच्या सुमाराला पेटी लागली. आम्ही चटई टाकून उजव्या बाजूला, पुढून चौथ्या-पाचव्या ओळीत. ओळ म्हणजे काय, जशी माणसं बसली तशी. आधी आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा भाग: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, आणि मग काळा संकासुर आला, वेद चोरून नेणारा, लाल जीभ लोंबत, आणि पुढे बसलेली पोरं किंचाळून आयांच्या मागे. त्याचं मालवणी बोलणं ऐकायला म्हातारी माणसं कान पुढे करून बसतात. मग विष्णू येतो, त्याला मारतो, आणि आख्यान सुरू.

आख्यान हरिश्चंद्राचं. आबा माझ्या कानात म्हणाले, "आज तू नाटक बघू नको, माणसा बघ."

मी बघायला लागलो. सुरुवातीला सगळं हलत असतं. कोण उठतंय, कोण चहाला जातंय, पोरं खाजं खातायत, आणि ते खाजं किती मोठ्याने वाजतं हे मला काल पहिल्यांदा कळलं, बेसनाचं कडक खाजं, गुळाचं कवच, चारी बाजूंनी कुडुम-कुडुम. राजा दरबारात बोलतोय, विश्वामित्र येतोय, तलवारी निघतायत, कुडुम चालूच. टाळ्या येतायत, शिट्ट्या येतायत, तरी कुडुम चालूच. मग साधारण पहाटे साडेतीनला तारामती रोहिदासाला घेऊन स्मशानात आली. स्त्रीपार्टी, म्हणजे बाईचं काम करणारा नट, साधारण पन्नाशीचा माणूस, संध्याकाळी मी त्याला देवळामागे लुंगी गुडघ्यापर्यंत वर करून चहा पिताना पाहिलेलं. तो आला, त्याने मूल म्हणून जी कापडाची गुंडाळी आणली होती ती बाकड्यावर ठेवली, आणि काहीच बोलला नाही. पेटीवाल्याने सूर धरला आणि सोडून दिला. हरिश्चंद्र डोंबाच्या वेशात म्हणाला, कर दे. तिने त्याच्याकडे बघितलं.

खाजं थांबलं. एकाच वेळी. चारपाचशे माणसांचे दात थांबले. मी मागे वळून पाहिलं तर मागे झोपलेल्या दोन म्हाताऱ्या उठून बसल्या होत्या, त्यांना कोणी उठवलं नव्हतं, त्या शांततेनेच उठवलं. आणि मी परत पुढे वळलो तेव्हा तारामती गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावत होती आणि माझ्या तोंडून मोठ्याने गेलं, "नको." मी, एवढा मोठा बाप्या. आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

नट एक क्षण थांबला. ऐकलं त्याने, मी शपथेवर सांगतो, कारण त्याचा हात मंगळसूत्रावरून खाली आला, मग त्याने आमच्या बाजूला पाहिलं, आणि हरिश्चंद्राला म्हणाला की महाराज, लोकसुद्धा नको म्हणतायत, पण माझ्याकडे याच्याशिवाय दुसरं काय आहे. नक्की हेच शब्द नसतील, मला जसे आठवतात तसे लिहितोय. सगळीकडून हुंदके आले. म्हणजे माझा एक शब्द नाटकात गेला. तो कुणी लिहिला नव्हता, मीही ठरवून दिला नव्हता.

उजाडता उजाडता दहीहंडी फुटली, दहिकाल्याचा प्रसाद घेतला, दवात भिजलेली चटई गुंडाळून चालत घरी. वाटेत मी आबांना विचारलं की त्याने ते ठरवलेलं होतं का. ते म्हणाले, "ठरवून कसा जमात? तुया खय ठरवलेलंस?"

1 डिसेंबर, रविवार (भांडुप)

ती 14 पानं कपाटात ठेवली. वाईट वाटलं पण ठेवली.

आबांनी फोनवर एक खेळ दिला, आज तोच तीन तास केला. दोघांनी समोरासमोर बसायचं. पहिला एक वाक्य बोलणार. दुसऱ्याने त्या वाक्यातला शेवटचा शब्द उचलून तिथून आपलं सुरू करायचं. सोपं वाटतं ना. पण शेवटचा शब्द मिळण्यासाठी वाक्य संपेपर्यंत ऐकावं लागतं, आणि आपण ऐकतच नाही, आपण आपलं पुढचं वाक्य जुळवत असतो. पहिल्या तासात मी दर तिसऱ्या वाक्याला अडकलो. जालंधर म्हणाला, "युद्धाला निघालो प्रिये, परतेन की नाही ते त्या कैलासपतीलाच ठाऊक." मी म्हटलं, "ठाऊक? मला ठाऊक आहे. माझं कुंकू मी रोज सकाळी लावते, ते रात्रीपर्यंत तसंच असतं. ते बोलतं माझ्याशी." खोलीत शांतता झाली. मला स्वतःला कळलं नाही हे कुठून आलं, त्या 14 पानांत असलं एकही वाक्य नव्हतं.

15 डिसेंबर, रविवार

आज बायकोबरोबर दादरला शिवाजी मंदिरात दुपारचा प्रयोग. व्यावसायिक नाटक, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण परीक्षण करायचं नाहीये, मला फक्त प्रेक्षक म्हणून काय होतं ते बघायचं होतं.

तिसरी घंटा झाली की अंधार होतो आणि शेजारची माणसं नाहीशी होतात. एसी, मऊ खुर्ची, समोर उजेडाची चौकट. काम फार उत्तम होतं, विशेषतः आईचं काम करणाऱ्या बाईंचं, एका प्रवेशात त्या पाठमोऱ्या उभं राहून नुसत्या रुमालाची घडी घालत होत्या आणि मानेवरून कळत होतं की त्यांना सगळं समजलंय. तिथे थिएटर तसंच गप्प झालं, त्या जत्रेसारखंच. पण इथे कोणी 'नको' म्हणू शकत नाही. इथे आपण आपलं रडणं अंधारात लपवतो आणि बाहेर येऊन वडापाव खाताना त्याबद्दल बोलतो. जत्रेत ट्यूबलाइट चालू असतात, सगळे सगळ्यांना दिसतात, नटालाही आपण दिसतो. दोन्ही मला हवंय. पण वृंदा करायची तर मला लोक दिसले पाहिजेत, म्हणून मंडपवाल्याला सांगायचं की प्रेक्षकांवरचे लाइट बंद करू नका.

29 डिसेंबर, रविवार

अडचणी. आमच्या विष्णूची बदली नाशिकला झाली, तो येऊ शकत नाही, फोनवर रडला. त्याच्या जागी माझा चुलतभाऊ, गावात रिक्षा चालवतो, याआधी फक्त नमनात नाचलाय. शिवाय ड्रेपरीवाल्याकडे जालंधराचे एकसारखे दोन वेश नाहीत. खरा जालंधर आणि विष्णूने घेतलेलं जालंधराचं रूप, दोघांना सारखाच टोप आणि सारखाच शेला हवा ना. एक लाल शेला आहे, दुसरा मोरपंखी. मी वैतागलो. आबांना सांगितलं तर म्हणाले बराच झाला, लोकांक कळाक होया आणि वृंदेक कळता नये.

11 जानेवारी 2025, शनिवार (गाव)

पहिल्यांदा वाद्यांबरोबर तालीम. सगळं बदललं. पखवाजावर थाप पडली की पाय आपोआप वजन घेतात. पेटीवाले काका म्हणाले तू बोलताना शेवटी आवाज खाली सोड, मग मी उचलतो, वर ठेवलास तर मला शिरायला फट मिळत नाही. आपल्या वाक्याच्या शेवटी दुसऱ्यासाठी जागा ठेवायची. शेवटच्या शब्दाच्या खेळाचीच ही दुसरी बाजू.

दशावतारात नेपथ्य म्हणजे एक पडदा आणि एक बाकडं. तेच सिंहासन, तेच पलंग, तेच डोंगर. आमचं बाकडं शाळेतून आणलंय, एका बाजूला कर्कटकने बदाम कोरलेला. त्यावर शाल टाकली आणि चुलतभाऊ विष्णू म्हणून त्यावर बसला तर बघणारी पोरं खरंच गप्प झाली.

त्याचं एक आहे, तो फार कमी बोलतो. आबा खूश आहेत. मला भीती आहे की प्रयोगात मी अडकलो तर तो मला सोडवू शकणार नाही.

24 जानेवारी, शुक्रवार

मिशी काढली. मुलगी पाच मिनिटं जवळ आली नाही, मग गालाला हात लावून बघितलं आणि म्हणाली तू आजीसारखा दिसतोस. मला आनंद झाला.

26 जानेवारी, रविवार, दुपार

झालं. हात अजून रंगाने पिवळट आहेत.

क्रमाने लिहितो नाहीतर विसरेन. काल दुपारी पूजा, महाप्रसाद. आठला मी रंगायला बसलो. आबा म्हणाले रंग स्वतः लावायचा, दुसऱ्याकडून लावून घेतलेला रंग तोंडावर राहतो, आत जात नाही. खोबरेल चोळलं, वर सफेदा, पिवळसर-गुलाबी हात, कानामागे आणि गळ्याखालीसुद्धा, कारण मान वळली की कातडीची रेघ दिसते. भुवया काढताना हात थरथरला. आबांनी हात धरला नाही, नुसते समोर बसून राहिले. काजळ, कुंकू, नथ, गंगावन, शेवटी बांगड्या. बांगड्या चढल्या आणि मला हात वेगळे वाटायला लागले, कुठलीही हालचाल केली की वाजतात, म्हणजे वृंदा काही लपवून करू शकत नाही. हे कुठल्याच तालमीत कळलं नव्हतं.

नारळ ठेवला, बाकड्याच्या पाया पडलो. साडेअकराला पेटी लागली.

पहिला प्रवेश वाईट गेला. खोटं कशाला लिहू. मी जोरजोरात बोलत होतो, माइक वर टांगलेला असताना. विंगेत आल्यावर आबा म्हणाले, "तुझो आवाज मागपर्यंत पोचता, पण तू पोचनस नाय." दुसऱ्या प्रवेशात मी पाणी पिऊन गेलो आणि आधी लोकांकडे बघितलं. काकी होती, मुंबईहून आलेली. बायको, मुलगी. शाळेचे मास्तर. आणि अगदी पुढे, बाकड्यापासून पाच हातांवर, एक म्हातारी गोधडी घेऊन बसलेली, मला वाटतं पलीकडच्या वाडीतली. तोंडात दात नाहीत. माझ्याकडे एकटक.

मग तो प्रवेश आला. जालंधर युद्धावर, वृंदा एकटी, आणि मोरपंखी शेला घालून विष्णू जालंधराच्या रूपात येतो. चुलतभाऊ आला. लोकांना माहीत होतं, कुजबुज झाली. मला आनंदाने पुढे जायचं होतं, आरती ओवाळायची होती. मी ताट उचललं, दोन पावलं टाकली आणि म्हातारी ओरडली, अगदी घरातल्या मुलीला ओरडावं तशी,

"गो बाय! तो तुझो घोव न्हय गो!"

मंडपात कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं अशा वेळी हसतात. मी थांबलो. ताट हातात, बांगड्या वाजल्या. मला ते ऐकू आलं होतं, पण वृंदेला ऐकू येऊन चालणार नव्हतं, आणि ऐकलं नाही असं दाखवणं मला जमेना, कारण ती म्हातारी खरंच घाबरली होती. आणि त्या थांबण्यातच मला कळलं की वृंदेलाही काहीतरी वाटलं असणार. बाईला कळतंच ना. मी भावाच्या पायांकडे बघितलं आणि म्हणालो, "नाथ, तुमच्या पावलांचा आवाज आज वेगळा का येतोय?"

हे आमच्या ठरलेल्यात कुठेच नव्हतं. वृंदेला शंका येतच नाही असं आम्ही धरून चाललो होतो. मी भावाकडे बघतोय, आणि मनात म्हणतोय बोल रे बाबा, काहीतरी बोल. तो रिक्षावाला, जो तालमीत चार वाक्यं बोलायचा. त्याने खाली स्वतःच्या पावलांकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाला, "रणातून आलोय वृंदे. पावलांखाली रक्त होतं. ते वाळलंय."

पेटीवाल्या काकांनी सूर धरला. मी ओवाळलं. ओवाळताना म्हातारीकडे पाहिलं तर तिने गोधडीचं टोक तोंडात धरलं होतं.

त्यानंतरचा शापाचा प्रवेश मी केला असं म्हणता येणार नाही. मला फक्त काकीचं वाक्य आठवत होतं, रडकी करू नको, राणी आहे ती. मी रडलो नाही. हळू बोललो. "तुम्ही देव आहात ना, मग तुम्हाला माझ्या नवऱ्याचा चेहरा का लागला?" एवढं विचारलं आणि शाप दिला, आणि भावाने मान खाली घातली ती वर केलीच नाही. ती मान मला मोठी मदत होती. शेवटी दोन पोरांनी पडद्यामागून तुळशीची कुंडी बाकड्यावर ठेवली, मी विंगेत आलो आणि तिथे बसूनच राहिलो.

नंतर म्हातारी आली, नातवाचा हात धरून. माझ्या पदराला दहाची नोट लावली, टाचणी तिनेच आणलेली. तोंडावरून हात फिरवला, रंग तिच्या बोटांना लागला. "कोणाचो रे तू?" म्हणाली. मी वडिलांचं नाव सांगितलं. "मगे बरोबर," म्हणाली आणि गेली. काय बरोबर ते मला विचारायचं राहिलं. वडिलांनीही कधीतरी काम केलं होतं का, ते आता आईला विचारायला हवं.

9 फेब्रुवारी, रविवार (भांडुप)

हिशोब ग्रुपवर टाकलाय. ड्रेपरी सहा हजार, रंगसामान नऊशे, चहा-भजी साडेबाराशे, बक्षिसाचे जमले ते एकवीसशे साठ वाद्यांवाल्यांना दिले. ती दहाची नोट त्यात धरलेली नाही. मोरपंखी शेल्याला कुंकवाचा डाग पडला, त्याचे दोनशे वेगळे.

आईला विचारलं. वडिलांनी लग्नाआधी दोन वर्षं पूजेच्या नाटकात स्त्रीपार्ट केला होता. मला हे कधीच सांगितलं नाही. फोटो नाही.

मुलांनी मंडपातल्या माइकवरून आवाज रेकॉर्ड केला होता, तो आज सगळ्यांनी फोनवर एकत्र ऐकला, आबा गावाहून. पहिल्या प्रवेशाचं माझं ओरडणं ऐकलं नीट, वहीत लिहिलं त्यापेक्षाही जास्त आहे, पुढच्या वेळी पहिल्या प्रवेशाआधी दहा मिनिटं लोकांत जाऊन बसायचं, रंग लावायच्या आधी. आबांनी हे मान्य केलं. मग तो प्रवेश आला. म्हातारीचा आवाज माइकमध्ये स्पष्ट आलाय, आमच्या दोघांपेक्षाही स्पष्ट. त्यानंतर शांतता, बांगड्यांचा एक आवाज, मग माझं वाक्य. मग मोठी शांतता, मी घड्याळ लावून मोजली, अकरा सेकंद, आणि मग भावाचं ते पावलांखालच्या रक्ताचं वाक्य.

आबा म्हणाले मागे घे. मी मागे घेतलं. परत म्हणाले मागे घे. तीनदा ऐकलं त्यांनी. माझं वाक्य नाही, भावाचंही नाही, ते फक्त ती अकरा सेकंदं परत परत लावायला सांगत होते.